यमाताराजभानसलगं आणि शेवटची शून्यं

‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, नासाने जाहीर केलं’ हा मेसेज पुन्हा फिरतो आहे. नासाने असं काही जाहीर केलेलं नाही. १९८५ साली नासाशी संबंधित संशोधक रिक ब्रिग्ज यांनी संस्कृत व्याकरण आणि कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक लेख लिहिला, त्याचंच हे फुगवलेलं रूप. मात्र वृत्तं शिकताना पाठ केलेलं ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र प्रोग्रामिंगमध्ये खरोखर चालतं, आणि ते कुणी सांगत नाही.

प्रश्न साधा आहे. ४० ही संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, ००१०१०००. उजवीकडून पहिल्या १ पर्यंत शून्यं किती? तीन. बुद्धिबळाच्या प्रोग्राममध्ये पटाची ६४ घरं म्हणजे ६४ बिट, म्हणजे ० किंवा १ असे ६४ अंक: घरात मोहरा असेल तर १, नसेल तर ०. पुढचा मोहरा कुठल्या घरात, हे शोधताना हाच प्रश्न लाखो वेळा पडतो. एकेक बिट तपासणं परवडत नाही.

आधी सर्वांत उजवीकडचा १ सुटा करायचा. सगळे बिट उलटवून (० चा १, १ चा ०) त्यात १ मिळवला की ११०११००० मिळतं. संगणक −४० असाच साठवतो. आता हे आणि मूळ संख्या, दोन्हींत १ असेल तिथेच १ ठेवा. उरतं ००००१०००, म्हणजे ८.

हा ८ म्हणजे २ चा कितवा घात? जितवा घात, तितकी शून्यं. इथे यमाताराजभानसलगं येतं. लघू (ऱ्हस्व) अक्षराला ०, गुरू (दीर्घ) अक्षराला १ लिहा: ०१११०१०००१. दरवेळी एक अंक पुढे सरकत लागोपाठचे तीन-तीन अंक घेत चला. य ०११, म १११, त ११०... आठही गण, म्हणजे तीन अक्षरांचे लघू-गुरू गट, येतात, प्रत्येक एकदाच. शेवटचं ‘लगं’ सुरुवातीच्या ‘यमा’सारखंच, म्हणून हे खरं तर आठ अंकांचं वर्तुळ आहे. तीन-तीन अंकांसाठी अशी वर्तुळं दोनच. दुसरं म्हणजे हेच उलट वाचलेलं.

‘न’पासून वाचा: न स य मा ता रा ज भा. ०००१११०१, म्हणजे २९. २९ ला २ च्या घाताने गुणलं की सगळे अंक तितकी घरं डावीकडे सरकतात, आठ घरांबाहेरचे गळतात. ८ × २९ = २३२ = १११०१०००. डावीकडचे तीन अंक १११, म गण! शून्यं तीन असतील तेव्हाच म येतो. चार असतील तर त, पाच असतील तर र. आठ शक्यतांना आठ वेगळे गण, मग आठ ओळींच्या तक्त्यातून उत्तर लगेच काढता येतं. ‘न’पासूनच का? सरकताना उजवीकडून शून्यं भरतात, आणि वर्तुळ पूर्ण व्हायला तिथे शून्यंच हवीत. ६४ बिटांना सहा-सहा अंकांचं वर्तुळ लागतं.

अशा वर्तुळांना डच गणिती डी ब्रॉइन यांचं नाव आहे. त्यांचा लेख १९४६ चा. गुणाकाराची युक्ती एमआयटीच्या लायझरसन, प्रोकॉप आणि रँडल यांनी १९९८ मध्ये मांडली. सूत्र रचणाऱ्याला संगणक ठाऊक होता, असा अर्थ कृपया काढू नका. त्याला आठ गण थोडक्या अक्षरांत बसवायचे होते. गणितात तो प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे.

आज प्रोसेसर हे काम एका आज्ञेत करतो. इंटेलच्या जुन्या ८०३८६ प्रोसेसरमध्येही तशी आज्ञा होती, पण संख्याच ० असेल तर तिच्या उत्तराचा भरवसा नसे. इंटेलच्याच २०१३ च्या हॅसवेल प्रोसेसरमध्ये आलेल्या आज्ञेने तिथे ३२ किंवा ६४ (संख्येत जितके बिट तितकं) हे उत्तर पक्कं केलं. २९ च्या युक्तीत मात्र ० आणि १ या दोन्ही संख्यांना न गणच येतो, त्यामुळे शून्य आधीच तपासून बाजूला काढावं लागतं.