गॅलरीतला टॅग आणि संग्रहातली नोंद

"माझं सगळं काम ऑनलाइन आहे, म्हणजे जपलेलंच आहे की!" डिजिटल कला करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदाचं नीट लिहूनच टाकते.

गॅलरी सगळ्यांच्या ओळखीची आहे. डेव्हिअंटआर्ट हे चित्रं मांडायचं संकेतस्थळ 2000 साली सुरू झालं, तेव्हापासून रीत तीच: खातं उघडा, चित्र चढवा, लाइक आणि कमेंटची वाट बघा. संग्रहातही, म्हणजे डिजिटल कृती पुढच्यांसाठी जपून ठेवणाऱ्या ठिकाणीही, खातं असतं, अपलोडचं बटण असतं, परवान्याचा रकाना असतो. वरवर दोन्ही सारखीच.

घोळ होतो तो लोकांनी काय लिहायचं यात. टॅग आज शोधणाऱ्यासाठी असतो. नोंद असते वीस वर्षांनी ती कृती पुन्हा चालवून बघणाऱ्यासाठी.

समजा, 2006 सालचं एक छोटं फ्लॅश अ‍ॅनिमेशन आहे. खिडकीबाहेर पाऊस, काचेवर वाफ, आणि माउस फिरवला की तेवढीच काच पुसली जाते. गॅलरीत त्याला टॅग लागतात: पाऊस, निळा, उदास. 31 डिसेंबर 2020 ला अडोबीने फ्लॅश प्लेयरचा, म्हणजे अशा फाइली चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, आधार काढून घेतला. आज रफल नावाच्या एम्युलेटरवर (जुन्या फ्लॅश फाइली चालवून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर) ती फाइल कदाचित चालेल, पण मुकी. कारण पावसाचा आवाज वेगळ्या एमपीथ्री फाइलीत होता आणि ती कुणी चढवलीच नाही. 'उदास' हा टॅग इथे काय कामाचा? "आवाज बाहेरच्या फाइलीतून येतो, माउस फिरवल्याशिवाय काच पुसली जात नाही, चौकट 550 बाय 400", एवढी एक ओळ हवी होती.

आणि ती ओळ कलाकारानेच लिहायला हवी असंही नाही. तेव्हा ते अ‍ॅनिमेशन पाहिलेल्या कुणाला तरी आठवत असतं, की सुरुवातीचा पाच सेकंदांचा काळा पडदा लोडिंगचा नव्हता, मुद्दाम ठेवलेला होता. गॅलरीत ही आठवण "मस्त!", "भारी!"च्या ढिगाखाली गाडली जाते. चांगल्या संग्रहात ती नोंदीत जाते, कुणी आणि कधी सांगितली यासकट. माझ्या लेखी लोकसहभाग म्हणजे हा. लाइकचा आकडा नव्हे.

लिंक देणं म्हणजे जतन करणं, हाही गैरसमज जुनाच. रायझोम या डिजिटल कलेच्या संस्थेच्या आर्टबेस नावाच्या संग्रहात (सुरुवात 1999) पहिल्यापासून दोन प्रकार होते: काही कृतींची फक्त लिंक, काहींची प्रत. लिंकपलीकडचं पान मालकाने काढलं, की संग्रहात उरतं फक्त नाव.

2009 साली जिओसिटीज, लोकांना स्वतःची वेबपानं फुकट बनवू देणारं संकेतस्थळ, बंद झालं, तेव्हा आर्काइव्ह टीम या बंद पडणारी संकेतस्थळं वाचवणाऱ्या गटाच्या स्वयंसेवकांनी जमेल तितकी पानं उतरवून घेतली. झगमगत्या जिफ (छोटी हलती चित्रं), "काम चालू आहे"च्या पाट्या, सगळं जसंच्या तसं. तसंच हवं. जुनी जिफ एआयने गुळगुळीत करून मूळ फाइलीच्या जागी चढवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्या दातेरी कडा आणि 256 रंगांची मर्यादा हा त्या कृतीचाच भाग आहे. सुधारलेली प्रत हवीच असेल तर तिची वेगळी नोंद करा, काय बदललं ते लिहा, आणि मूळ फाइलीला हात लावू नका.