पाणी कमी पडलंय की पाणी जास्त झालंय? एकट्याच्या सायकल टूरवर हे ओळखायचं कसं

रणरणत्या उन्हात, आसपास चिटपाखरू नाही अशा रस्त्यावर दुपारी डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, पायातलं बळच गेलं की आपल्या मनात एकच येतं, पाणी कमी पडलं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण रक्तातलं सोडियम घसरलं, म्हणजे हायपोनेट्रेमिया झाला, तरी सुरुवात अगदी अशीच होते, आणि तेव्हा अजून पाणी प्यायलं तर त्रास वाढतो.

डिहायड्रेशन तसं ओळखीचं आहे. घामातून पाणी जातं, रक्ताचं प्रमाण घटतं, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, लघवी थोडी आणि गडद होते, बसलेलं उठलं की चक्कर येते. आणि तहान लागते, चांगली सपाटून लागते.

दुसरं प्रकरण जरा समजून घ्यावं लागतं. रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलीमोल असतं, १३५ च्या खाली गेलं की हायपोनेट्रेमिया. घामातून मीठ जातं हे खरंय पण मुख्य कारण ते नाही, मुख्य कारण म्हणजे शरीरातून गेलं त्यापेक्षा जास्त पाणी आपण पोटात ढकललेलं असतं, त्यात लांबच्या श्रमात शरीर एडीएच हे हार्मोन सोडत राहतं त्यामुळे किडनी जास्तीचं पाणी बाहेर टाकत नाही. मग ते पाणी पेशींत शिरतं, पेशी फुगतात, आणि मेंदूला कवटीत फुगायला जागाच नसते, म्हणून डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, पुढे झटके. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली निघालं, आणि त्यात शर्यतीत वजन वाढलेले आणि ४ तासांपेक्षा जास्त वेळ धावलेले लोक जास्त होते. टूरिंगवाला तर हळूहळू दिवसभर चालवतो, आणि पुढे पाणी मिळेल न मिळेल या धास्तीने दिसेल तिथे पोट तुडुंब भरून घेतो!

मग रस्त्यात ओळखायचं कसं, वजनकाटा तर सोबत नसतो. मी हात बघते. सकाळी सैल असलेली अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, पोट डबडबलंय, तहान अजिबात नाही, आणि सकाळपासून बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या केल्यात, तर मला सोडियमचा संशय येतो. लघवीच्या रंगावर एकट्यावर भरवसा नको, एडीएचमुळे हायपोनेट्रेमियातही ती कमी आणि गडद होऊ शकते.

ओआरएसबद्दलही एक गैरसमज दिसतो, की त्यात मीठ आहे म्हणजे ते कधीही, कितीही प्यायलं तरी चालतं. त्यात लिटरमागे सोडियम ७५ मिलीमोल, स्पोर्ट्स ड्रिंकमध्ये साधारण २० च्या आसपास, आणि रक्तात १४० च्या घरात. म्हणजे डिहायड्रेशनला ओआरएस उत्तम, पण पाणीच जास्त झालेलं असताना ते लिटरच्या लिटर ढोसलं तर सोडियम आणखी पातळच होणार. तेव्हा सावलीत थांबायचं, साधं पाणी बंद, काहीतरी खारट खायचं आणि लघवी भरपूर सुटेपर्यंत वाट बघायची.

गोंधळ आणि सोबत अंग भट्टीसारखं तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा, तिथे आधी अंग थंड करायचं, बाकी सगळं नंतर.

एकट्याने जाताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची की गोंधळ सुरू झालाय हे आपलं आपल्याला कळत नाही, सांगणारं शेजारी कोणी नसतं. म्हणून किती बाटल्या प्यायले ते मी हँडलबारवरच्या चिकटपट्टीवर रेघा मारून ठेवते, आणि खिशात एक चिठ्ठी असते: बेशुद्ध सापडले तर सलाईन लावायच्या आधी सोडियम तपासा.