तुर्की स्त्रियांचा हमाम

उस्मानी (ऑटोमन) काळात तुर्की स्त्रिया ज्या सार्वजनिक स्नानगृहात एकत्र न्हायला जात, ते स्नानगृह व त्याभोवती रुजलेली रीत. पुरुषांना गप्पांसाठी कॉफीखाने होते, बायकांना हमाम. शुद्धीसाठीचे स्नान धर्मानेच सांगितलेले, त्यामुळे तिथे जाऊ नको म्हणणे घरच्यांनाही जड जाई.

मोठे हमाम जोडीचे असत. वास्तुविशारद मिमार सिनानने १५५६ च्या सुमारास इस्तंबूलमध्ये सुलतान सुलेमानची बेगम हुर्रेम सुलतान हिच्यासाठी बांधलेल्या हमामात स्त्री-पुरुषांचे विभाग एकाच रेषेत, पाठीला पाठ लावून आहेत आणि दारे दोन विरुद्ध टोकांना. लहान वस्तीत हमाम एकच असे. तिथे बायकांचे दिवस किंवा वेळा ठरलेल्या असत.

हे काम तासाभराचे नव्हते. बोचक्यात पेश्तेमाल (कमरेला गुंडाळायचे वस्त्र), तांब्याचे ‘तास’ (पाणी घ्यायचा वाडगा), मेंदी आणि फराळ बांधून बायका दिवसभरासाठी निघत. पायात उंच लाकडी खडावा, ‘नालिन’. श्रीमंतांच्या नालिनवर शिंपल्याचे जडावकाम असे. तापलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर, म्हणजे ‘गोबेकताशी’वर, अंग मऊ झाले की ‘नातिर’ ही सेविका ‘केसे’ हा खरखरीत हातमोजा चढवून घासायला बसे आणि मळाच्या काळ्या वळ्या निघत. मग ‘कुरना’ या दगडी कुंडीतून ‘तासा’ने पाणी ओतून घ्यायचे. साठल्या पाण्यात डुंबणे अशुद्ध मानत; आपल्या घंगाळ-तांब्याच्या आंघोळीला ही पद्धत जवळची.

उपवर मुलांच्या आया इथे सून हेरत. कपडे-दागिन्यांचा आडोसा नसल्याने पोरीची तब्येत, केस, चालणे सगळे उघड दिसे. मुलीकडच्यांची यावर काय भावना असेल, ते वेगळे सांगायला नको. लग्नाआधी ‘गेलिन हमामी’त, म्हणजे नवरीच्या न्हाणात, तिला चौथऱ्याभोवती फिरवत आणि ती वडीलधाऱ्या बायकांच्या हाताचे चुंबन घेई. बाळंतिणीला चाळिसाव्या दिवशी न्हाऊ घालत. बाळाला पाणी मानवावे म्हणून त्याच्या अंगाला बदकाचे अंडे चोळण्याचीही चाल होती. लहान मुलगे आईबरोबर आत येत, पण पोरगा जरा थोराड झाला की ‘पुढच्या वेळी याच्या बापालाही आणा’ असा टोमणा ठरलेला.

इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१७ मध्ये सोफिया शहरातल्या हमामात गेली. हे बायकांचे कॉफीघर आहे, असे तिने पत्रात लिहिले. तिची आवळून बांधलेली काचोळी (कॉर्सेट) पाहून तिथल्या बायकांची समजूत झाली, की नवऱ्याने हिला या यंत्रात कुलूपबंद केले आहे! तिच्या वर्णनाचा आधार घेऊन फ्रेंच चित्रकार अँग्रने १८६२ मध्ये ‘तुर्की स्नान’ हे चित्र पूर्ण केले. तो स्वतः तुर्कस्तानात कधी गेला नव्हता. युरोपच्या मनात हमाम म्हणजे लोळणाऱ्या विवस्त्र सुंदरी, हे ठसले ते अशा चित्रांमुळे. त्यांत ना नातिर घामाघूम होऊन घासताना दिसते, ना रडणारी पोरे.

घरोघरी न्हाणीघरे झाल्यावर हमामातली वर्दळ ओसरली. इस्तंबूलमधल्या १५८४ च्या चेंबरलिताश हमामाच्या स्त्री विभागाचा काही भाग तर एकोणिसाव्या शतकात रस्तारुंदीत गेला.