मूत्रवाहिनी आकसली म्हणजे पोट फाडावंच लागतं का?

मूत्रवाहिनी म्हणजे किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी. ‘किडनीची नळी आकसली की पोट फाडूनच ऑपरेशन,’ हा मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतोय. भीती वाटणं साहजिकच. पूर्वी बहुतेकदा तसंच होई.

पण आकसलेला भाग कॅन्सरचा नसेल आणि साधारण २ सेंटिमीटरपेक्षा छोटा असेल, तर बऱ्याचदा लघवीच्या मार्गानेच दुर्बीण वर नेऊन तो फुग्याने रुंद करतात किंवा लेझरने छेद देतात. मग काही आठवडे आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनी उघडी ठेवणारी बारीक, लवचिक नळी. तो वेळेवर काढून घ्या, कृपया विसरू नका! भाग लांब असेल तर नळीची नव्याने जोडणी लागते, तीही अनेकदा छोट्या छिद्रांतून.

पडताळायचं कसं? सीटी युरोग्राफीत (मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन) आकसलेल्या भागाची लांबी दिसते, डीटीपीए स्कॅनमध्ये (किरणोत्सारी औषध टोचून केलेली तपासणी) किडनीचं काम. स्टेंट काढल्यावरही तपासणी करा. न दुखता नळी पुन्हा आकसू शकते.