थकल्या पायांची धाव

दीर्घपल्ल्याच्या धावण्याच्या सरावातील एक पद्धत. आदल्या दिवसाच्या श्रमाने मांड्या-पोटऱ्या भरून आलेल्या असताना, त्या पुरत्या मोकळ्या होण्याआधीच ठरवून पुन्हा धावणे, असे तिचे स्वरूप आहे. शनिवारी २५ किमी. आणि रविवारी १५-१८ किमी. ही तिची परिचित जोडी. दुसऱ्या दिवशीचा वेग शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतपतच ठेवतात.

उगमाबद्दल एकमत नाही. पुष्कळ लेखक न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड (१९१७–२००४) यांच्याकडे श्रेय देतात. आठवड्याला सुमारे १६० किमी. आणि रविवारी ऑकलंडजवळच्या वायटारुआच्या टेकड्यांतून जवळपास ३५ किमी., हा त्यांचा शिरस्ता, ८०० मी.चा धावपटू पीटर स्नेल यालाही त्यातून सूट नव्हती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल आणि मरे हालबर्ग (५,००० मी.) यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकल्यावर या सरावाची कीर्ती पसरली. तथापि लिडियार्ड यांचा भर पल्ल्यावर होता, थकव्यावर नव्हे. जीव काढून धावण्याला त्यांचा विरोधच असे. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक याचेही नाव घेतले जाते. १९५२ मध्ये हेलसिंकीला ५,००० मी., १०,००० मी. आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदके मिळवणारा हा धावपटू ४०० मी.च्या डझनावारी फेऱ्या मारी; पण तो तुटक फेऱ्यांचा सराव, त्याची जात निराळी. थकव्यालाच साधन मानणारी स्पष्ट मांडणी अमेरिकेतील मिशिगनच्या हॅन्सन या प्रशिक्षक बंधूंची दिसते व ती १९९० च्या दशकाअखेरीची किंवा नंतरची असावी. त्यांच्या आराखड्यातील सर्वांत लांब धाव सहसा २६ किमी.वर थांबते. आठवड्याचा शीण अंगात असल्याने ती मॅरेथॉनच्या पहिल्या नव्हे, तर शेवटच्या २६ किमी.सारखी जाणवावी, हा हेतू. पद्धतीचा उगम येथे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किमी.च्या कॉम्रेड्ससारख्या (१९२१ पासून) शर्यतींच्या तयारीत सलग दोन दिवस धावण्याचा प्रघात स्वतंत्रपणेही रुळला असावा.

बडोद्याच्या मराठी मंडळींत आणखी एक दावा ऐकू येतो, तो म्हणजे हे सारे आखाड्यात आधीपासूनच होते. सयाजीराव गायकवाडांच्या काळात येथे व्यायामाची मोठी परंपरा उभी राहिली, हे खरे. जुम्मादादा व्यायाममंदिर, राजरत्न माणिकराव यांचे कार्य आणि द. चिं. मुजुमदार यांनी येथेच सिद्ध केलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश या तिच्या ठळक खुणा. लाल मातीतून उठून पुन्हा बैठका काढणाऱ्याला भरल्या मांड्यांनी मेहनत करणे नवे नाही. परंतु आखाड्यातला दम झोंबीसाठी राखायचा असतो. दोन-तीन तास एकाच संथ लयीत चालणारी हालचाल तेथे नसते. साम्य वृत्तीपुरतेच मानणे बरे.

स्नायूंतील तंतू कामाला लागण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी संथ व चिवट तंतू, भार वाढला किंवा ते थकले की वेगवान तंतू. एरवीच्या रमतगमत धावेत दुसऱ्या गटावर फारशी पाळी येत नाही. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बर्गस्ट्रम यांनी सुईने स्नायूचा कण काढून ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली साखर) मोजण्याची रीत रुळवली. दीर्घ श्रमात संथ तंतूंचा साठा आधी उतरतो, हे तिच्यामुळे पुढे दिसून आले. शरीरातील हा साठा स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅम असतो. तो अर्धवट भरलेला असताना निघाले की वेगवान तंतूंना कमी अंतरातच राबावे लागते. लॅक्टिक आम्ल साचून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, ही समजूत अजून सुटत नाही. ते तर धाव संपल्यावर तासाभरात ओसरते. ताणला जात असतानाच आवळावे लागलेल्या स्नायूला, विशेषतः उतारावर, झालेली सूक्ष्म इजा हे दुखण्याचे खरे कारण असून ते २४ ते ७२ तासांत टिपेला पोहोचते.

या धावेत गोडी का वाटते, यावर मतभेद आहेत. पहिल्या दोन किमी.त पाऊल आखूड पडते, खांदे कानांकडे सरकतात, बुटांचा आवाज वाढतो. मग अंग तापते आणि पाय आपसूक सुटतात. हे सुख एंडॉर्फिनचे, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्याचे, असे दीर्घकाळ मानले गेले. २००८ मध्ये जर्मनीत दोन तासांच्या धावेनंतर केलेल्या मेंदूच्या चित्रणाने त्याला पुष्टी दिली. परंतु २०२१ च्या प्रयोगात एंडॉर्फिनची वाट औषधाने अडवूनही धावणाऱ्यांचा उल्हास कमी झाला नाही. त्यामुळे हल्ली कल एंडोकॅनाबिनॉइड, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या गांजासारख्या द्रव्यांकडे आहे. व्यायामशास्त्राचे संशोधक सॅम्युएले मार्कोरा यांच्या मते श्रमाची जाणीव हीच सहनशक्तीची खरी मर्यादा. शिणल्या पायांनी वारंवार धावणाऱ्याला ती जाणीव ओळखीची होते, हे स्पष्टीकरण धावपटूंच्या अनुभवाला अधिक जवळचे आहे.

बडोदे सपाट असल्याने उताराचा सराव हवा तर सुमारे ५० किमी.वरचा पावागड गाठावा लागतो. हिवाळ्यातील वडोदरा मॅरेथॉनच्या तयारीत नेमके नवरात्र येते. मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून पहाटे सयाजीबागेत उतरणाऱ्याचे पाय थकलेले असतात खरे, पण तो शीण पोटऱ्यांत आणि गिरक्यांनी पिळलेल्या गुडघ्यांत असतो, शिवाय झोप मोडलेली असते. तो सरावाच्या हिशेबात धरू नये. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल असे दुखणे, अथवा चाल लंगडी होणे, ही थकव्याची नव्हे तर इजेची लक्षणे असून अशा वेळी धाव बंद ठेवतात.