हॉट म्हणजे गरम की तिखट?

मागच्या मे महिन्यात बहिणीचा मुलगा सोलापूरला आला होता, वय नऊ, जन्मापासून इंग्लंडातच वाढलेला. आईनं ताटात कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणी वाढली. त्यानं चटणीकडं बघून विचारलं, इज इट हॉट? आईला हॉट म्हणजे गरम एवढंच माहिती, तिनं वाटीला हात लावून बघितला आणि म्हणाली, नाही रे बाळा, गार आहे, खा. पहिल्या घासालाच पोराच्या डोळ्यातून पाणी, कान लाल, कपाळावर घाम. पाणी पाजलं तरी थांबेना, शेवटी दही खाल्ल्यावर जरा शांत झाला.

तेव्हापासून हा हॉट शब्द माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

शब्द तसा अस्सल इंग्रजी, जुन्या इंग्रजीत त्याचा उच्चार साधारण 'हाट' असा होता, जर्मनमधला 'हाइस' हा त्याचा सख्खा भाऊ आणि हीट पण त्याच घरातला. मूळ अर्थ फक्त गरम. पण इंग्रजी माणूस मिरी, मोहरी, मिरची सगळ्यालाच हॉट म्हणतो, शिवाय भडक डोक्याचा माणूस हॉट, ताजी बातमी हॉट, दिसायला आकर्षक असेल तोही हॉट. आपल्याकडं असलं चालत नाही. गरम वेगळं, तिखट वेगळं. आमच्या सोलापुरात तर एका गल्लीत तीन तीन भाषा ऐकू येतात, आणि तेलुगूत तिखटाला कारम आणि गरमला वेडी, कन्नडमध्ये तिखटाला खार आणि गरमला बिसी, म्हणजे कुणाचाच घोळ होत नाही. मला वाटायचं की इंग्रजीच इथं गरीब आहे.

पण शरीराच्या आत बघितलं तर गोष्ट वेगळीच निघते. मिरचीत कॅप्सेसिन नावाचं रसायन असतं (ते बियांत तयार होत नाही बरं का, बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात होतं). १९९७ साली अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कॅप्सेसिन नसांवर नेमकं कुठं बसतं ते शोधून काढलं. ती जागा म्हणजे टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन, नसेच्या टोकावरचं एक बारीक दारच म्हणा. आणि तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की हेच दार उष्णतेनंही उघडतं! ४३ म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या दुपारचा आकडा. दार मिरचीनं उघडलं काय किंवा चटक्यानं उघडलं काय, मेंदूला निरोप एकच जातो, भाजतंय. म्हणून तर चटणी गार असूनही पोराला घाम फुटला, शरीर खरंच स्वतःला थंड करायला निघालं होतं. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पाटापूटियन यांच्यासोबत.

चटणी भाकरीवर लगेच चहा घेतला की तो नेहमीपेक्षा जास्त पोळतो ना, त्याचंही कारण हेच. कॅप्सेसिन बसलेलं असलं की ते दार ४३ ची वाट बघत नाही, त्याच्या बरंच आधी उघडतं. आणि पाण्यानं भागत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळत नाही, गार पाण्यानं घोटभर बरं वाटतं आणि परत आग सुरू. दुधादह्यातलं केसीन मात्र त्याला धरून जिभेवरून काढून नेतं. पक्ष्यांचं हे दार तर कॅप्सेसिनला दादच देत नाही, म्हणून पोपट मिरच्या खुशाल खातो.

म्हणजे इंग्रजीचा हॉट चुकीचा नाहीच. मग आपला तिखट चुकला का? तर तेही नाही. तिखट आलाय संस्कृत तीक्ष्ण वरून, म्हणजे धारदार, टोचणारं. आणि टीआरपीव्ही-१ ज्या नसांवर असतं त्या चवीच्या नसा नाहीतच, त्या वेदनेच्या आहेत. गोड, आंबट, खारट, कडू, उमामी या चवी, त्यात तिखट बसत नाही, ते दुखणं आहे. जर्मन माणूससुद्धा तिखटाला 'शार्फ' म्हणतो, त्याचाही अर्थ धारदारच. इंग्रजीनं भाजणं पकडलं, आपण टोचणं पकडलं, नस एकच.

आणि त्या पोराच्या कपाळावरचा घाम, तो शब्द आलाय संस्कृत घर्म वरून, ज्याचा अर्थच उष्णता. फारसीतून आलेला गरम त्याच मुळाचा, आणि ग्रीकमधला थर्मोस पण, ज्यावरून थर्मामीटर आला. मला हे फार आवडतं, ताप मोजायचं यंत्र आणि आपला घाम एका रक्ताचे निघाले.

बरं, गरम आणि तिखट आपण वेगळं ठेवतो खरं, पण पेपरमिंटची गोळी तोंडात टाकल्यावर काय म्हणतो? थंड लागतंय. गोळी तर खोलीइतकीच कोमट असते. २००२ मध्ये कळलं की पेपरमिंटमधलं मेंथॉल गारव्याचं दार उघडतं, टीआरपीएम-८ नावाचं. तिथं आपणही अगदी त्या पोरासारखंच बोलतो.