हार्मोन उपचारात खंड पडतो तेव्हा

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी २००० साली एक छोटा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १६ स्त्रिया होत्या. त्यांपैकी आठ जणींना पूर्वी बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, आठ जणींना ते कधीच आले नव्हते, आणि प्रयोगाच्या वेळी सगळ्याच मनाने ठणठणीत होत्या. औषधाने त्यांच्या बीजांडकोशांचे काम थांबवून, गरोदरपणासारखी स्थिती निर्माण करण्यासाठी त्यांना आठ आठवडे एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन चढ्या मात्रेत दिले गेले. मग, नेमके केव्हा ते त्यांना कळू न देता, ते काढून घेतले. पूर्वी नैराश्य अनुभवलेल्या आठांपैकी पाच जणींची मनःस्थिती ढासळली, दुसऱ्या गटात मात्र एकीचीही नाही.

लिंगभाव-संक्रमणासाठी, म्हणजे शरीर स्वतःच्या लिंगओळखीशी जुळते करण्यासाठी, घेतलेले हार्मोन मध्येच थांबले तर मनाचे काय होते, हे समजून घेताना हा प्रयोग उपयोगी पडतो. त्यात पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींचा अभ्यास नव्हता हे खरे, पण पारलिंगी व्यक्तींचे औषध मुद्दाम तोडून काय होते ते पाहणे कोणत्याही नैतिक चौकटीत बसणार नाही, त्यामुळे पुरावा असा आजूबाजूने गोळा करावा लागतो. या प्रयोगातून दिसते ते असे, की काही जणांच्या मेंदूला हार्मोनची पातळी एकदम उतरणे फार झोंबते आणि काहींना ते जाणवतही नाही. हा मनाच्या कणखरपणाचा प्रश्न नाही.

मेंदूत नेमके काय बदलते याचा एक धागा व्हिएन्नातील संशोधकांनी २०१५ साली दाखवला. हार्मोन सुरू केलेल्या पारलिंगी व्यक्तींच्या मेंदूची छायाचित्रे घेतली असता, टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या ट्रान्स पुरुषांमध्ये (जन्माच्या वेळी मुलगी अशी नोंद झालेल्या पुरुषांमध्ये) सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळले, तर एस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉनरोधक औषधे घेणाऱ्या ट्रान्स स्त्रियांमध्ये (जन्माच्या वेळी मुलगा अशी नोंद झालेल्या स्त्रियांमध्ये) ते मेंदूच्या काही भागांत घटले होते. नैराश्यावरच्या बऱ्याच गोळ्या याच प्रथिनावर काम करतात, त्यामुळे हार्मोनच्या चढउतारांबरोबर मनःस्थिती हलली तर त्यात नवल नाही.

ही हालचाल केव्हा जाणवेल हे औषधाच्या स्वरूपावर ठरते. एस्ट्राडायोल या एस्ट्रोजेनची गोळी बंद केली की एकदोन दिवसांतच रक्तातली पातळी उतरते. टेस्टोस्टेरॉन एनॅन्थेटच्या इंजेक्शनला त्यासाठी काही आठवडे लागतात, आणि टेस्टोस्टेरॉन अनडेकॅनोएटचे इंजेक्शन तर साधारण तीन महिन्यांनी एकदा घ्यायचे असते, म्हणून त्याचा असर फार सावकाश ओसरतो. अशा माणसाला तिसऱ्याचौथ्या महिन्यात झोप लागेनाशी झाली आणि बारीकसारीक गोष्टींवरून राग येऊ लागला, तर त्याचा चुकलेल्या इंजेक्शनशी संबंध असेल हे त्याच्या ध्यानातही येत नाही. ट्रान्स स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गुंता असतो. एस्ट्रोजेन संपले पण स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरॉन हे टेस्टोस्टेरॉनरोधक औषध चालूच राहिले, तर शरीरात दोन्हींपैकी कोणतेच हार्मोन पुरेसे उरत नाही. वृषणे काढलेली असतील तर हे औषधांशिवायही घडते, आणि मग अंगातून गरम वाफा, थकवा, उदासी अशी रजोनिवृत्तीसारखी लक्षणे दिसू लागतात.

रसायनांपलीकडे दुसरा धागा आहे तो शरीर मागे वळताना पाहण्याचा, आणि माझ्या मते डॉक्टरांच्या खोलीत त्याची चौकशी सर्वांत कमी होते. टेस्टोस्टेरॉन थांबल्यावर फुटलेला आवाज आणि आलेली दाढी टिकतात, पण पाळी परत येते. गर्भधारणा झालेल्या ट्रान्स पुरुषांच्या २०१४ च्या अमेरिकन पाहणीत, पूर्वी टेस्टोस्टेरॉन घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांना ते थांबवल्यापासून सहा महिन्यांच्या आत पाळी आली होती. त्यांनी मूल व्हावे म्हणून औषध ठरवून थांबवले असेल. पैसे संपले म्हणून ज्याचे औषध थांबले, त्या दाढीवाल्या माणसाला मेडिकलच्या दुकानात सॅनिटरी पॅड मागायची वेळ येते तेव्हा त्या क्षणाचा भार निराळाच असतो. ट्रान्स स्त्रीचे स्तन राहतात, पण त्वचा पुन्हा तेलकट होते, अंगावरचे केस राठ होतात, सकाळी लिंगाला ताठरता येऊ लागते. रासायनिक उतार दिवसांत किंवा आठवड्यांत येतो, तर हे बदल महिनोन्‌महिने उलगडत राहतात, म्हणून पहिला धक्का ओसरून माणूस जरा सावरतो न सावरतो तोच दुसरा सुरू होतो.

उपचार पुन्हा सुरू झाल्यावरही हाच क्रम दिसतो. झोप आणि चिडचिड आधी सुधारते, शरीर बरेच मागून येते. मेलबर्नमध्ये ६४ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या जणांना टेस्टोस्टेरॉन लगेच दिले आणि उरलेल्यांना तीन महिने थांबवले. आत्महत्येचे विचार असलेल्यांपैकी, लगेच उपचार मिळालेल्या गटातील ५२ टक्के जणांचे ते विचार तीन महिन्यांत मावळले, थांबलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. ही चाचणी नव्याने सुरुवात करणाऱ्यांची होती, पुन्हा सुरू करणाऱ्यांची नव्हे, तरी थांबण्याची किंमत काय असते ते तीतून कळते. गमावलेला वेळ भरून काढायला दुप्पट डोस घेण्याचा मोह मात्र आवरावा, कारण जादा टेस्टोस्टेरॉनमुळे रक्त घट्ट होते आणि त्याचा काही भाग शरीरात एस्ट्रोजेनमध्येच बदलतो.

काही जण स्वेच्छेनेही थांबतात, आणि त्यांना हायसे वाटू शकते. पण औषध सोडल्यावरच्या पहिल्या आठवड्यांतली उदासी त्यांनाही गाठू शकते. तिच्यावरून निर्णय चुकला असा अर्थ ना त्यांनी काढावा, ना आईवडिलांनी.

खंड पडण्याची काही कारणे टाळता येतात. शस्त्रक्रियेपूर्वी रक्ताच्या गुठळीच्या भीतीने एस्ट्रोजेन थांबवण्याची प्रथा होती. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयाच्या २०२१ मधील अभ्यासात औषध चालू ठेवलेल्यांमध्ये गुठळ्या वाढल्याचे आढळले नाही, म्हणून ‘थोडे दिवस बंद ठेवा’ हे वाक्य सहज लिहून देण्यासारखे राहिलेले नाही. काही कारणे मात्र रुग्ण आणि डॉक्टर दोघांच्याही हाताबाहेरची असतात. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा पारलिंगी व्यक्तींसाठी चालणारी हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथली मित्र क्लिनिक बंद पडली. हैदराबादचे पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने दुसऱ्या नावाने सुरू झाले. अशा वेळी शेवटची चिठ्ठी आणि रक्ततपासणीचा अहवाल स्वतःजवळ असेल तर नव्या डॉक्टरला किती मात्रेने सुरुवात करायची ते ठरवणे सोपे जाते. खंड लांबला असेल, तर त्याने आधी पातळी तपासावी, आणि झोपेबद्दल व मरणाच्या विचारांबद्दल स्पष्ट विचारावे. डॉक्टर मिळेपर्यंत मन तग धरेनासे झाले, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.